बेअर्स, ट्रुबिस्की आणि दुसऱ्या क्रमांकाची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये नव्याने रस घेऊ लागलेल्या मराठी वाचकांना शिकागोच्या चाहत्यांचे एक जुने भांडण सतत ऐकू येते आणि त्याचा संदर्भ मात्र लागत नाही. शिकागो बेअर्सने २०१७ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्की या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) निवडले; पुढे सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स मात्र दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, आणि त्या एका निवडीवरचा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यासंबंधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलावच ना?

नाही, आणि हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. लिलावात ज्याची थैली मोठी त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. संघांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि आपली पाळी आली की शिल्लक राहिलेल्यांतून एक खेळाडू निवडायचा असतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत, ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, आणि आधीच्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिली पाळी मिळते. खेळाडू बहुतेक विद्यापीठांच्या संघांतून येतात, आणि आपल्याला कोणत्या शहरात जायचे आहे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नसतो. पैसा आड येत नाही असे मात्र नाही, कारण पाळी हीच येथली नाणी आहेत: संघ आपल्या पाळ्या एकमेकांना देतात-घेतात, या वर्षीच्याही आणि पुढच्या वर्षीच्याही.

ही पद्धत १९३६ साली फिलाडेल्फियात सुरू झाली. तिची कल्पना ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. पहिल्यावहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जे बरवॅंगर हा शिकागो विद्यापीठाचा होता; ईगल्सने त्याला निवडले, नंतर त्याचे हक्क बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांच्याकडे आले, आणि तो व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. वरच्या क्रमांकाची निवड वाया जाण्याची परंपरा ड्राफ्टइतकीच जुनी आहे, असे शिकागोकर उगाच म्हणत नाहीत.

भारतात असा ड्राफ्ट कधी झाला आहे का?

होय. इंडियन सुपर लीगने सुरुवातीच्या काळात भारतीय खेळाडूंसाठी हीच पद्धत वापरली होती. जुलै २०१७ मध्ये मुंबईत झालेल्या ड्राफ्टमध्ये जमशेदपूरने बचावपटू अनस एडथोडिकाला पहिल्या फेरीत घेतले होते. तेथे वाद झाले नाहीत असे नाही, पण शिकागोच्या वादाची उंची त्यांना आली नाही.

दुसरा-तिसरा क्रमांक मिळणे ही आनंदाची गोष्ट असताना चाहते चिडतात का?

कारण तो क्रमांक फुकट मिळालेला नसतो. चाहत्यांनी त्याची किंमत वर्षभर पराभव पाहून मोजलेली असते. २०१६ च्या मोसमात बेअर्स १६ पैकी १३ सामने हरले होते. जय कटलर हा क्वार्टरबॅक, ज्याच्यासाठी संघाने २००९ मध्ये पहिल्या फेरीतल्या दोन पाळ्या मोजल्या होत्या, तो मार्च २०१७ मध्ये निरोप घेऊन गेला होता. इतक्या वरच्या पाळीला हात घालायची संधी दरवर्षी येत नाही, आणि यावी अशी कोणाची इच्छाही नसते.

त्यातून शिकागोचे क्वार्टरबॅकचे दुखणे फार जुने. सिड लकमन १९३९ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर आला आणि त्याच्या काळात संघाने चार विजेतेपदे मिळवली. १९४० च्या अंतिम सामन्यात तर वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला. त्यानंतर जिम मॅकमॅहनच्या हाताखाली १९८५ च्या मोसमातला तो गाजलेला संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, पण त्या संघाचे नाव घेताना लोकांना आठवतो तो बचाव. २०१७ च्या वसंतात बेअर्सच्या क्वार्टरबॅकने एका मोसमात फेकींतून मिळवलेल्या यार्डांचा, म्हणजे अंतराचा, विक्रम एरिक क्रेमरच्या नावावर होता: १९९५ मधले ३,८३८ यार्ड. इतर संघांत ४,००० हा आकडा एव्हाना नेहमीचा झाला होता. उपाशी माणसासमोर ताट मांडल्यावर त्याने वाढपाला नावे ठेवावीत, त्यात नवल नाही.

२७ एप्रिल २०१७ रोजी नेमके काय घडले?

ड्राफ्ट फिलाडेल्फियात, कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांपुढे उभारलेल्या मंचावर होता. क्लीव्हलंड ब्राऊन्सने पहिल्या क्रमांकावर मायल्स गॅरेटला घेतले, आणि त्यावर कोणाचे दुमत नव्हते. दुसरा क्रमांक सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सचा, तिसरा बेअर्सचा. मग अचानक जाहीर झाले की बेअर्सने एक पायरी वर सरकून दुसरा क्रमांक घेतला आहे. त्यासाठी त्यांनी आपला तिसरा क्रमांक, त्याच वर्षीचे ६७ आणि १११ हे क्रमांक आणि २०१८ ची तिसऱ्या फेरीतली पाळी एवढे सगळे दिले. निवडले मिचेल ट्रुबिस्कीला, उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकला. सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या क्रमांकावर स्टॅनफर्डच्या सॉलोमन थॉमसला घेतले.

या दोघांची गाठ आधीच पडली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डिसेंबर २०१६ मध्ये एल पासो येथील सन बोल या विद्यापीठांच्या सामन्यात उत्तर कॅरोलायना अखेरच्या अर्ध्या मिनिटात टचडाऊन करून (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवून) स्टॅनफर्डविरुद्ध २५-२३ पर्यंत आले. बरोबरीसाठी टचडाऊननंतर मिळणारा दोन गुणांचा प्रयत्न साधायला हवा होता, आणि ट्रुबिस्की चेंडू फेकण्यासाठी जागा शोधत असतानाच थॉमसने त्याला खाली पाडले. चार महिन्यांनी दोघे एकापाठोपाठ निवडले गेले.

केवळ एका पायरीसाठी एवढी किंमत देणे हा मूर्खपणा नव्हता का?

चाहत्यांच्या वादात सर्वांत मोठा आवाज याच मुद्द्याचा असतो, आणि माझ्या मते सर्वांत कच्चा मुद्दाही हाच आहे. पाळ्यांची देवघेव करताना संघ फार वर्षांपासून एक तक्ता समोर ठेवतात. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण, दुसऱ्याला २,६०० आणि तिसऱ्याला २,२०० आहेत, म्हणजे एका पायरीचे अंतर ४०० गुणांचे. बेअर्सने दिलेल्या ६७ व्या क्रमांकाचे २५५ आणि १११ व्याचे ७२, मिळून ३२७. उरलेली तूट पुढच्या वर्षीच्या पाळीने भरून निघते. बाजारभावाने पाहिले तर व्यवहार लुटीचा नव्हता.

खरा प्रश्न भावाचा नाही, गरजेचा आहे. बेअर्सचे जनरल मॅनेजर रायन पेस यांना भीती होती की दुसरा एखादा संघ मध्येच उडी मारून ट्रुबिस्कीला पळवील. ती भीती खरी होती की फॉर्टीनाइनर्सनी ती शिताफीने वाढू दिली, याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण शिकागोत माहीत असती, तर त्या रात्री ती नक्की वापरली गेली असती.

त्या रात्री चाहत्यांचा राग खेळाडूवर होता की व्यवस्थापनावर?

व्यवस्थापनावर होता, पण झेलावा लागला खेळाडूला. दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिलला, बुल्स आणि सेल्टिक्स यांचा बास्केटबॉलचा प्लेऑफ (मोसमाअखेरच्या बाद फेरीचा) सामना शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये होता. ट्रुबिस्की प्रेक्षकांत बसला होता. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दाखवून ओळख करून दिली, आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. बावीस वर्षांच्या ज्या मुलाने अजून बेअर्सचे हेल्मेट डोक्यावर चढवलेले नाही, त्याचे शहराने केलेले हे स्वागत. निवडीच्या बाजूने असो वा विरुद्ध, कोणीही समजूतदार चाहता या प्रसंगाचा अभिमान बाळगत नाही.

रागाला आणखी एक कारण होते. मार्चमध्येच संघाने माइक ग्लेनन या क्वार्टरबॅकशी तीन वर्षांचा, साडेचार कोटी डॉलरचा करार केला होता. एकाच स्थानासाठी दोन महिन्यांत दोनदा तिजोरी उघडणारा संघ नेमका कोणत्या वाटेने निघाला आहे, हा प्रश्न रास्त होता.

ट्रुबिस्कीच्या बाजूने तेव्हा काय बोलण्यासारखे होते?

पुष्कळ होते. २०१६ मध्ये त्याने ३,७४८ यार्ड, ३० टचडाऊन आणि फक्त सहा इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) अशी कामगिरी केली होती. फेक अचूक, पाय चपळ, वागणूक नेमस्त. त्याच्या तुलनेत त्याच ड्राफ्टमधल्या डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकने त्याच मोसमात १७ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला होता, आणि पॅट्रिक माहोम्स ५,०५२ यार्ड व ४१ टचडाऊन करूनही ज्या संघाचा होता त्या टेक्सस टेकने सात सामने गमावून पाचच जिंकले होते. माहोम्सची शैली अंगणात खेळणाऱ्या पोरासारखी मोकाट, आणि टेक्सस टेकच्या पद्धतीतून आलेले क्वार्टरबॅक व्यावसायिक खेळात टिकत नाहीत असा समज पक्का होता.

ट्रुबिस्कीच्या विरुद्ध एकच आकडा होता आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता: तेरा. महाविद्यालयात तो केवळ तेरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. त्याआधी दोन वर्षे तो मार्क्वीस विल्यम्स या क्वार्टरबॅकच्या मागे राखीव म्हणून थांबला होता. वॉटसनकडे मात्र राष्ट्रीय विजेतेपद होते, तेही अलाबामाविरुद्ध शेवटचा एक सेकंद उरला असताना टचडाऊन फेकून ३५-३१ असे मिळवलेले. तेरा सामन्यांत माणूस चांगला दिसतो की चांगला असतो, हे कळत नाही. संघाने कमी पुराव्यावर जास्त खात्री बाळगली, हा माझ्या लेखी या निवडीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो आक्षेप पश्चातबुद्धीचा नाही. त्या रात्रीच तो घेतला गेला होता.

पहिल्या मोसमात त्याला योग्य संधी मिळाली का?

अर्धवट मिळाली. पहिले चार सामने ग्लेनन खेळला, नंतर ९ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध ट्रुबिस्की उतरला आणि अखेरच्या मिनिटांतल्या इंटरसेप्शनने सामना २०-१७ असा गेला. दोन आठवड्यांनी कॅरोलायनाविरुद्ध बेअर्स १७-३ जिंकले, पण क्वार्टरबॅकने संपूर्ण सामन्यात किती फेकी केल्या? सात. त्यांतल्या चार पोहोचल्या. दोन्ही टचडाऊन बचावपटू एडी जॅक्सनने चेंडू हस्तगत करून, मैदानाची तीन-चतुर्थांश लांबी धावून केले होते. जॉन फॉक्स हे सावध वृत्तीचे प्रशिक्षक होते, आणि ज्याच्यासाठी चार पाळ्या मोजल्या त्याला त्यांनी हात बांधून खेळवले, अशी तक्रार ट्रुबिस्कीची बाजू घेणारे आजही करतात. मोसम संपताच फॉक्स यांची गच्छंती झाली.

२०१८ च्या यशाचे श्रेय त्याला का देत नाहीत?

काही जण देतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. नवे प्रशिक्षक मॅट नॅगी आले, बेअर्सने १२ सामने जिंकून आपला गट जिंकला, आणि ट्रुबिस्कीने सुरुवात केलेल्या १४ पैकी ११ सामन्यांत विजय मिळाला. ३० सप्टेंबरला टॅम्पा बेविरुद्धच्या ४८-१० च्या विजयात त्याने सहा टचडाऊन फेकले.

विरुद्ध पक्ष लगेच विचारतो की त्याच मोसमाच्या तोंडावर खलील मॅक हा बचावपटू ओकलंडहून आणला होता, तो कुठे मोजता? बचाव इतका कडवा असेल तर क्वार्टरबॅकने घाण केली नाही तरी पुरे. विजयाचे आकडे क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिण्याची रीत मुळातच भोंगळ आहे, आणि गंमत अशी की हे आकडे सोयीचे असले की दोन्ही बाजू ते वापरतात.

या मोसमाचा शेवट मात्र त्याच्यामुळे बिघडला नाही, एवढे मान्य करावे. ६ जानेवारी २०१९, सोल्जर फील्ड, फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफ. १६-१५ असे मागे असताना ट्रुबिस्कीने संघाला गोलच्या टप्प्यात आणून ठेवले. उरले होते काही सेकंद आणि ४३ यार्डांची किक. कोडी पार्कीने मारलेल्या चेंडूला ईगल्सच्या एका खेळाडूची बोटे निसटती लागली. चेंडू डाव्या खांबावर आदळला, तेथून खाली आडव्या दांडीवर पडला, आणि आत जाण्याऐवजी परत मैदानात घरंगळला. त्या दोन ठोक्यांचा आवाज शिकागोकरांच्या कानात अजून आहे. तो चेंडू आत गेला असता तर ट्रुबिस्कीच्या नावावर ३०३ यार्ड फेकून जिंकलेला प्लेऑफ सामना असता, आणि हे भांडण पुढची दोन वर्षे तरी वेगळ्या सुरात झाले असते.

बोटे मोजण्याचा प्रसंग काय आहे?

२२ डिसेंबर २०१९ रोजी कॅन्सस सिटी चीफ्स सोल्जर फील्डवर आले. माहोम्स २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकावर गेला होता. चीफ्सनी त्याच्यासाठी २७ व्या क्रमांकावरून वर येऊन पुढच्या वर्षीची पहिली फेरीही मोजली होती. एव्हाना तो ५० टचडाऊन फेकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्या रात्री टचडाऊन झाल्यावर तो बाजूला येताना दोन्ही हात वर धरून बोटे मोजू लागला: एक, दोन, तीन, दहापर्यंत. एक शब्द न बोलता त्याने जो हिशेब मांडला, तो समजायला दुभाष्याची गरज नव्हती. चीफ्स २६-३ जिंकले आणि सहा आठवड्यांनी सुपर बोलही.

टोमणा बेअर्सला होता खरा, पण दहाव्या क्रमांकाआधी पाळी असलेल्या सगळ्याच संघांनी त्याला वगळले होते. बेअर्सचे दुःख एवढेच की क्वार्टरबॅकच घ्यायला म्हणून निघालेला त्यांतला संघ तेच होते.

माहोम्स शिकागोत आला असता तर माहोम्स झाला असता का?

चाहत्यांच्या गप्पांत हा प्रश्न आला की रात्र सरते. माहोम्सला पहिले वर्ष जवळजवळ पूर्ण बसायला मिळाले. ॲलेक्स स्मिथ खेळत होता, हा शिकत होता, आणि मोसमातला शेवटचाच एक सामना त्याच्या वाट्याला आला. शिकवायला अँडी रीड होते. शिकागोत त्याला जॉन फॉक्स भेटले असते, आणि कदाचित सात फेकींचा एखादा सामना.

तरीही मी या युक्तिवादावर पूर्ण विसंबणार नाही. त्या पहिल्या वर्षी कॅन्सस सिटीत आक्रमणाची जबाबदारी सांभाळणारे मॅट नॅगी पुढच्याच वर्षी शिकागोत आले होते, म्हणजे तीच विद्या, त्याच पोथीतली, ट्रुबिस्कीलाही मिळाली. जमीन आणि पाणी यांचा वाटा मोठा असतो हे खरे. बी वेगळे होते हेही खरे. माहोम्स शिकागोत इतका मोठा कदाचित झाला नसता, पण शिकागोला त्याने चांगला क्वार्टरबॅक नक्की दिला असता.

वॉटसनबद्दल आता कोणी का बोलत नाही?

सुरुवातीला सर्वाधिक हळहळ त्याच्याबद्दलच होती. तो बाराव्या क्रमांकावर ह्यूस्टनला गेला आणि २०२० मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ४,८२३ यार्ड फेकले. पुढे वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप करून दिवाणी दावे दाखल केले, आणि २०२२ मध्ये लीगने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित केले. त्यानंतर हे नाव शिकागोच्या वादातून आपोआप गळाले.

बेअर्सने दिलेल्या पाळ्यांचे पुढे काय झाले?

व्यवहाराच्या भावाबद्दल मी वर जे म्हटले, त्यावर विरोधकांचे खरे उत्तर येथे आहे. फॉर्टीनाइनर्सनी ६७ वा क्रमांक न्यू ऑर्लिन्स सेंट्सना दिला, आणि त्यांनी त्यावर घेतला ॲल्विन कमारा, जो त्याच मोसमात आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. १११ वा क्रमांक फॉर्टीनाइनर्सनी रुबेन फॉस्टरसाठी वर सरकताना सिॲटलला दिला. तो सौदा त्यांना लाभला नाही. पण २०१८ ची तिसऱ्या फेरीतली पाळी, क्रमांक ७०, त्यांनी स्वतःच वापरली आणि फ्रेड वॉर्नरला घेतले, जो पुढे लीगच्या सर्वोत्तम लाइनबॅकरांत (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंत) गणला गेला. बेअर्सने सोडून दिलेल्या त्या तिसऱ्या क्रमांकावरचा थॉमस मात्र चार वर्षांत फारसा चमकला नाही.

म्हणजे पहिल्या तीनांतल्या पाळीपेक्षा ६७ आणि ७० यांनीच अधिक दिले. बेअर्सकडे त्या पाळ्या राहिल्या असत्या तर त्यांनी हेच दोघे घेतले असते असे मानण्याला आधार नाही. पण चाहत्याच्या मनाला हा युक्तिवाद पटत नाही, आणि माझ्या मनालाही तो पूर्ण पटलेला नाही.

बेअर्सने यातून काही बोध घेतला का?

२०२१ मध्ये याच पेस यांनी पुन्हा क्वार्टरबॅकसाठी वर उडी मारली. २० व्या क्रमांकावरून ११ व्यावर येण्यासाठी न्यूयॉर्क जायंट्सना पुढच्या वर्षीची पहिली फेरी दिली आणि जस्टिन फील्ड्सला घेतले. जानेवारी २०२२ मध्ये पेस आणि नॅगी दोघांनाही एकाच दिवशी काढले. २०२३ मध्ये मात्र नव्या व्यवस्थापनाने उलट चाल खेळली: हाती आलेला पहिला क्रमांक कॅरोलायनाला विकून डीजे मूर हा रिसीव्हर (फेकी झेलणारा खेळाडू) आणि पाळ्यांची रास घेतली. कॅरोलायनाची पुढच्या वर्षाची पाळी त्या राशीत होती, आणि तो संघ इतका हरला की तीही पहिल्या क्रमांकाची निघाली. तिच्यावर एप्रिल २०२४ मध्ये केलेब विल्यम्स आला. या वेळी एका पायरीसाठी कोणाला काही द्यावे लागले नाही.

ट्रुबिस्कीचे पुढे काय झाले?

बेअर्सने २०२० मध्ये त्याच्या कराराचे पाचवे वर्ष वाढवण्यास नकार दिला. त्या मोसमात अटलांटाविरुद्ध मध्येच त्याला बसवून निक फोल्सला उतरवले, पुढे पुन्हा त्यालाच बोलावले, आणि जानेवारी २०२१ मध्ये प्लेऑफमध्ये संघ २१-९ असा हरला तो कमाराच्या न्यू ऑर्लिन्सकडून. सुरुवात केलेल्या नियमित सामन्यांत त्याचा हिशेब २९ विजय आणि २१ पराभव असा राहिला, जो शिकागोच्या क्वार्टरबॅकसाठी वाईट म्हणता येत नाही.

मार्चमध्ये तो बफलोला राखीव म्हणून गेला. ऑगस्टमध्ये सरावाच्या मोसमातला एक सामना नेमका सोल्जर फील्डवर आला. ट्रुबिस्कीने २८ पैकी २० फेकी पोहोचवल्या, २२१ यार्ड मिळवले, आणि बफलो ४१-१५ जिंकले. सरावाच्या सामन्यांची नोंद गुणतक्त्यात होत नाही.